हायस्कूल फुटबॉल टीमचं सामान माझ्या गळ्यात पडलंय. कुणी केलंय का हे काम?

एक्सेलची_बळी

मध्य न्यू जर्सीत राहते. मुलगा यंदा नववीत जाईल. इतकी वर्षं क्रिकेट, बुद्धिबळ आणि मराठी शाळा असं सुरळीत चाललं होतं. वसंतात एकदम म्हणाला, फुटबॉल खेळणार. लाथेचा नव्हे, इथला, अंड्यासारख्या चेंडूचा. अंगापिंडाने भरलेला आहे, कोचने बघताक्षणी लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेत, उभा करायचं ठरवलं.

जूनमध्ये बूस्टर क्लबची, म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाची, मीटिंग झाली. कोचने विचारलं, "एक्सेल कोणाला येतं?" मी हात वर केला. संपलं. आता व्हर्सिटी (मुख्य टीम), जेव्ही (दुसरी फळी) आणि फ्रेशमन (नववीची पोरं) मिळून ६२ मुलांच्या सामानाची यादी, जर्सी वाटप, गुरुवारचं जेवण आणि घरच्या सामन्यांचं पाणी माझ्याकडे आहे. मला अजून डाऊन म्हणजे काय तेही धड कळत नाही.

आधीच्या बाईंनी दिलेल्या फाइलमध्ये "हेल्मेट: बरीच" असं लिहिलंय. खोटं नाही सांगत.

पहिली प्रॅक्टिस ऑगस्टात. सुरुवात कुठून करू? आणि गणपतीत नेमका शुक्रवारी घरचा सामना आहे, ते वेगळंच.

---

साखळीवाला

ताई, नमस्कार. दोन मुलं या खेळातून बाहेर पडली, मी अजून अडकलोय. सात सीझन झाले. तुमच्या शेजारच्याच काउंटीत असेन बहुतेक.

एक गोष्ट आधीच सांगतो. खेळ कळला नाही तरी तुमचं काहीही अडणार नाही. हे काम मोजणीचं आहे. मंडळात गणपतीच्या जेवणाची कूपनं सांभाळली असतील तर निम्मं येतंच तुम्हाला.

"बरीच" हेल्मेटं आधी जमिनीवर मांडा. खरंच, जिमच्या फरशीवर रांगेत. प्रत्येकाच्या आत बनवल्याचं साल आणि शेवटचं रिकंडिशनिंग, म्हणजे तपासणी-दुरुस्ती, कधी झालं त्याचं लेबल असतं. दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट रिकंडिशनिंगवाले परत घेतच नाहीत, ते बाद. मागे नॉक्सीचा (NOCSAE, सुरक्षेच्या मानकाचा) शिक्का नसेल तरी बाद. मग उरलेल्यांना नंबर द्या आणि एक्सेलमध्ये तीनच रकाने ठेवा: हेल्मेट नंबर, साल, कोणाकडे. मी पहिल्या वर्षी सतरा रकाने केले होते. सप्टेंबरमध्ये कुणी भरत नाही. सीझन संपला की नोव्हेंबरअखेर सगळी गोळा करून रिकंडिशनिंगला जातात, तेव्हा हीच यादी हातात लागते. न परतलेलं हेल्मेट म्हणजे शाळेच्या बजेटला तीन-चारशे डॉलरचं भोक.

डोक्यावर बसवणं मात्र कोचचं काम, त्यात पडू नका. पण बघायला उभ्या राहा. पुढची कड भुवयांच्या साधारण इंचभर वर हवी. कोच समोरची जाळी धरून हलवतो, तेव्हा कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट नुसतंच गरगर फिरलं तर सैल आहे. आणि पोरं ऑगस्टात झुलपं घेऊन येतात, सप्टेंबरात सगळी मिळून टकली करून घेतात, टीमची एकी म्हणून! त्या दिवशी सगळी हेल्मेटं पुन्हा बसवायची. आमच्याकडे हे लक्षात आलं सामन्याच्या आदल्या संध्याकाळी.

जर्सी वाटताना लायनीतल्या मुलांना आधी उभं करा. तिथल्या पाच जणांना ५० ते ७९ मधलेच नंबर लागतात, आणि चेंडू झेलणाऱ्याला त्यातला एकही चालत नाही. "मला अमुकच हवा" ही रडारड सुरू होण्याआधी ते नंबर वेगळ्या खोक्यात काढून ठेवा. घरच्या मैदानावर गडद जर्सी, पाहुणे असलो की पांढरी. दोन-तीन जास्तीच्या, कुणालाच न दिलेल्या नंबरच्या जर्सी कायम बॅगेत असू द्या. जर्सीला रक्त लागलं की पंच मुलाला बाहेर काढतात, बदलल्याशिवाय आत घेत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणीची बाटली ठेवा, बऱ्याचदा डाग तिथेच निघतो. नंबर बदलला तर पंचांना सांगायला विसरू नका.

माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच. शंभर घ्या. मग आणखी पन्नास घ्या. रंगीत हवेत, पांढरे किंवा पारदर्शक नियमात बसत नाहीत, कारण पंचाला लांबून दिसले पाहिजेत.

बस. इथे नवीन माणूस हमखास फसतो. स्कूल बसवर ५४ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ बाकांवर तीन-तीन पोरं. ती पहिलीची पोरं हो! शोल्डर पॅड मांडीवर घेतलेली आपली दांडगी एका बाकावर दोनच मावतात. छत्तीस. व्हर्सिटीबरोबर ४० गेली तरी दुसरी बस सांगावी लागते. आणि ड्रायव्हर दुपारची शाळेची फेरी संपवूनच येतात, तेव्हा साडेतीनची बस चारला निघेल असं धरूनच जेवण ठरवा.

पैसे. बूस्टर क्लबची रोकड कधीही एकटीने मोजू नका. दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. कितीही ओळखीचे असोत. आणि कुणी उत्साही बाबा हाफटाइमला ५०-५० सोडत (निम्मे पैसे जिंकणाऱ्याला, निम्मे क्लबला) काढू म्हणाला तर थांबवा. न्यू जर्सीत त्याला टाउनचा परवाना लागतो, नोंदणी क्रमांक लागतो. खाण्याच्या स्टॉललाही टाउनच्या हेल्थ खात्याला आधी विचारा. हे जुलैत करा, सप्टेंबरात तिथे फोन उचलत नाहीत.

हाफटाइम १५ मिनिटांचा, होमकमिंगला (माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या सामन्याला) थोडा लांबतो. अख्खं स्टेडियम त्या १५ मिनिटांत तुमच्या खिडकीवर येतं. हॉट डॉग आधी गुंडाळून ठेवा, सुटे पैसे म्हणून एक-एकच्या नोटा आणा. ऑक्टोबरात हॉट चॉकलेट सगळ्यात जास्त खपतं.

मिस्टर काय करतात शुक्रवारी? साखळीवर माणूस हवाच असतो. दहा यार्ड मोजायची साखळी यजमान शाळा पुरवते आणि ती धरणारी माणसंही. खेळ अगदी नाकासमोर दिसतो. अट एकच, स्वतःचा मुलगा धावत गेला तरी ओरडायचं नाही.

---

डॅलसची_मावशी

बापरे, पालकच करतात का हे सगळं तिकडे? आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सामान बघायला पगारी माणूस आहे. जवळच ॲलनला तर हायस्कूलचं स्टेडियम १८,००० खुर्च्यांचं आहे. आम्हा आयांना होमकमिंगचे मम्स तेवढे उरतात. म्हणजे खोट्या शेवंतीचं एवढं मोठं फूल, त्याला गुडघ्यापर्यंत रिबिनी, घंटा, टेडी बेअर आणि काय काय. माझ्या सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, नवरीला वेणी एवढी मोठी का?

बाकी साखळीवाले दादा, लिहिलंत झकास.

---

पाटी_पेन्सिल

विषयांतराबद्दल क्षमस्व. पण डोक्याला मार लागतो हे सगळ्या जगाला माहीत असताना आपण मराठी आई-बाप मुलांना यात का घालतो? बॅडमिंटन आहे, टेनिस आहे.

---

एक्सेलची_बळी

@पाटी_पेन्सिल, हा प्रश्न घरात दोन महिने चालला. मी हरले. एवढंच कळलं की न्यू जर्सीत २०१९ पासून सीझनमध्ये आठवड्याला पूर्ण धडकेची प्रॅक्टिस फक्त १५ मिनिटं करू देतात. त्याने माझी भीती गेली असं नाही. पण तो खेळणारच असेल तर हेल्मेटची यादी तरी माझ्या हातात असावी, असं वाटलं.

@साखळीवाला, दादा, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. फक्त माउथगार्डचं वाक्य दोन दिवस उशिरा वाचलं. सगळ्यात स्वस्त म्हणून १०० पारदर्शक मागवून झाले होते.

---

घोट्याची_पट्टी

मी पेनसिल्व्हेनियात एका हायस्कूलमध्ये ॲथलेटिक ट्रेनर आहे. घोट्याला पट्ट्या बांधते, बर्फ लावते आणि कोचला "नाही, आज खेळणार नाही" म्हणते.

ताई, हेल्मेटाआधी फॉर्म. तुमच्याकडे शारीरिक तपासणी पहिल्या प्रॅक्टिसच्या आधीच्या ३६५ दिवसांतली लागते, आणि घरच्या डॉक्टरने सही केल्यावर शाळेच्या डॉक्टरचीही संमती लागते. ऑगस्टात सगळ्यांचे फॉर्म एकदम येऊन पडतात. ज्यांची तपासणी त्याहून जुनी होणार त्यांची नावं आत्ताच लाल करा. नाहीतर पहिल्याच प्रॅक्टिसला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडूच, बाहेर बसतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

पाण्याबद्दल. नारिंगी कूलर दहा गॅलनचा असतो, म्हणजे काठोकाठ भरला की नुसतं पाणीच ३८ किलो. आधी रिकामा कूलर हातगाडीवर ठेवायचा आणि मग नळीने भरायचा. भरून उचलायला गेलेले दोन बाबा मी स्वतः पाठीला पट्टी बांधून घरी पाठवलेत.

सुरुवातीचे काही दिवस पूर्ण सामान चढवायचं नसतं, आधी फक्त हेल्मेट, मग शोल्डर पॅड, मग सगळं. शरीराला उकाड्याची सवय व्हावी म्हणून. म्हणजे तुम्हालाही वाटप एका दिवसात उरकायची गरज नाही. उकाड्याच्या दिवशी बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब मैदानाच्या कडेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर विचारा, लाजू नका. उष्माघातात आधी तिथेच थंड करायचं आणि मग अँब्युलन्स, हा क्रम उलटला की घात होतो. तो टब पोरांच्या गेटोरेडच्या बाटल्या गार करायला नाही. दर वर्षी कुणीतरी पालक त्यात बाटल्या टाकतोच!

---

एक्सेलची_बळी

सप्टेंबर उजाडला, सांगायला आले.

६२ पैकी ५८ हेल्मेटांचा हिशोब लागला. तीन कोचच्या गाडीत निघाली. एक अजून "बरीच" या सदरात आहे.

जर्सीच्या दिवशी आमच्या चिरंजिवांनी सात नंबर मागितला. धोनीचा. मी लायनीचं वेगळं खोकं पुढे केलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. मग म्हणाला, ७७ मध्ये दोन सात आहेत. त्याची जर्सी धुताना बाहीला कृत्रिम गवताच्या मैदानातलं काळं रबर इतकं निघालं की वॉशिंग मशीनच्या तळाशी मोहरी सांडल्यासारखं दिसत होतं. आता आधी अंगणात झटकते.

गुरुवारच्या पास्ता डिनरला एका ट्रेवर "मांस नाही" अशी पाटी लावली. चार जण शाकाहारी असतील असा अंदाज होता. ती ट्रे सगळ्यात आधी संपली, कारण मी त्यात थोडी हिरवी मिरची घातली होती. लायनीतली पोरं दर आठवड्याला "स्पायसी वन" मागतात.

गणपतीच्या शुक्रवारी आरती साडेचारला उरकली. स्टॉलवर गेले तेव्हा हाताला कुंकू तसंच होतं. गेटवरच्या बाईंनी विचारलं, रक्त लागलंय का, पेरॉक्साइड देऊ?

आता खरी अडचण बर्फाची. सहा कूलर आणि टब मिळून दर घरच्या सामन्याला दुकानातून पिशव्या आणते, तीस-पस्तीस डॉलर जातात. तुम्ही कुठून आणता?

---

साखळीवाला

विकत आणता? अहो, शाळेच्या कॅफेटेरियात बर्फाचं यंत्र असतं. किल्ली रात्रपाळीच्या कस्टोडियनकडे, म्हणजे शाळेची साफसफाई-देखभाल बघणाऱ्या माणसाकडे, असते. त्यांना गुरुवारी त्या मिरचीवाल्या पास्त्याची एक प्लेट नेऊन द्या आणि शुक्रवारी तीन वाजता हातगाडी घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहा.

आणि मिस्टरांचं काय ठरलं? पुढच्या शुक्रवारी एक माणूस कमी आहे.