मुंबई-गोवा क्रूझ: तिकिटाच्या वर किती खर्च येतो, टिप द्यायचीच का, आणि डबा नेऊ देतात का?

भाट्याची_वाळू

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला जानेवारीत चाळीस वर्षं होतील. आम्ही तिघा भावंडांनी पैसे काढून त्यांना मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं ठरवलंय. गंमत म्हणजे आम्ही रत्नागिरीत राहतो. आधी रेल्वेने मुंबई गाठायची आणि मग बोटीत बसून परत रत्नागिरीवरूनच खाली जायचं. बाबा म्हणाले, "पूर्वी बोट आपल्या दारात थांबायची, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम नव्हता."

एजंटने सांगितलेला आकडा बरा वाटला होता. मग कोटेशन आलं. भाड्याखाली पोर्ट चार्जेस, त्याखाली ग्रॅच्युइटी, त्याखाली जीएसटी. बेरीज ऐकून भाऊ दोन मिनिटं बोललाच नाही.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा. ग्रॅच्युइटी म्हणजे टिपच ना? ती आधीच कापली तर तिथे पुन्हा द्यायची का? आमचे बाबा बडीशेपेच्या ताटलीत नोट दुमडून ठेवणारे आहेत, त्यांना 'आधीच दिली' हे पटत नाही. दुसरं खाण्याचं. बाबांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. आणि निघायच्या दिवशी नेमकी संकष्टी आहे. आई चंद्रोदयाशिवाय जेवणार नाही आणि बाहेरचा साबुदाणा खाणार नाही. घरून डबा नेऊ देतात का?

जांभा_दगड

गेल्या वर्षी आम्ही चौघं जाऊन आलो, मुंबईहून गोव्याला. जेवणखाण तिकिटात असतं. मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे, दोन्हीकडे पोटभर. पैसे लागतात ते 'स्पेशालिटी' म्हणून वेगळी रेस्टॉरंट असतात तिथे, आणि मद्य, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, स्पा, इंटरनेट यांना. बुफेत पाणी फुकट आहे. खोलीत टेबलावर ठेवलेली बाटली उघडलीत की ती बिलावर चढते. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या तासात दोन उघडल्या. रिकामी बाटली बरोबर ठेवा आणि बुफेतून भरून घ्या.

चढताना एक फोटोग्राफर तुम्हाला हसायला लावून फोटो काढतो. तो फोटो रात्री भिंतीवर लागतो आणि विकत घ्यावा लागतो. नको असेल तर नुसतं पुढे जायचं, कोणी मागे लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचं कार्ड असतं तेच दाखवायचं, आणि त्यासाठी चढताना डिपॉझिट किंवा बँकेचं कार्ड द्यावं लागतं. डेबिट कार्ड देऊ नका. ते काही रक्कम अडकवून ठेवतात. आपण खर्च केला नाही तरी ती सुटायला दिवस जातात आणि तोवर खात्यातले आपलेच पैसे आपल्याला मिळत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर काउंटरवर रोख डिपॉझिट भरा. उतरायच्या आदल्या रात्री हिशोबाचा कागद मागून घ्या. सकाळी तिथे रांग लागते आणि चूक निघाली तर भांडायला वेळ नसतो.

आणि फोन विमान मोडवर. किनारा लांब गेला की फोन गुपचूप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो. त्याचं बिल घरी येतं.

खाडीपल्याड

मी न्यू जर्सीत असते. आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात इथल्या बेयॉन बंदरातून बर्म्युडाला गेलो होतो, त्यामुळे तिकडचे आकडे देते म्हणजे तुलना होईल. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा ग्रॅच्युइटीचा दर २०२३ च्या नोव्हेंबरपासून साध्या खोलीला माणशी रोज १८ डॉलर होता. चौघं, पाच रात्री, म्हणजे ३६० डॉलर. यात लहान मूल, मोठं माणूस असा भेद नाही. शिवाय प्रत्येक पेयावर १८ टक्के वेगळे. रात्री खोलीत जेवण मागवलं तर प्रत्येक खेपेला ७.९५ डॉलर, सकाळचा साधा नाश्ता मात्र फुकट. आणि दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं. माझा नवरा घेणारा, मी न पिणारी. मग कोणीच घेतलं नाही आणि तीन संध्याकाळी तोंड पाडून बसला.

त्या मानाने दोन रात्रींची मुंबई-गोवा सोपी आहे, फार घाबरू नका.

करवंदाची_जाळी

मी सरळ बोलतो. सिंगापूरहून गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. ग्रॅच्युइटी आधीच घेतलेली, तरी शेवटच्या रात्री खोलीत लिफाफा ठेवलेला. पाणी आणून देणाऱ्याने तीनदा आठवण केली की सर्व्हिस आवडली असेल तर नाव लिहा. टिप ही माणसाच्या मर्जीची गोष्ट आहे. आधीच छापून कापतात ती टिप नव्हे, ती पट्टी.

आपल्याकडे हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मग बोटीवर कसा काय चालतो? मी काउंटरवर जाऊन माझा काढायला लावला. कपाळाला आठ्या पडल्या त्यांच्या, पण काढला.

जुना_तारवटी

करवंदाच्या भावा, मी खरा सांगतंय, राग येव नको.

मी वेंगुर्ल्याचो. बारा वर्षं परदेशी क्रूझ कंपनीत होतो, आधी पेंट्रीत भांडी, मग केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा. आपल्या सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली कितीतरी पोरं आजही तिथे आहेत. गोव्यात आम्हाला 'तारवटी' म्हणतात. करार सात-आठ महिन्यांचा. त्या सात-आठ महिन्यांत पूर्ण सुट्टीचा एक दिवस नाही. घरी गणपती बसतो तेव्हा आम्ही कोणाच्या तरी चादरी बदलत असतो.

पगाराच्या कागदावर मूळ रक्कम बारीक असते, बाकीचा भाग त्या ग्रॅच्युइटीच्या वाट्यातून भरतो. तो वाटा फक्त तुमच्या खोलीतल्या माणसाला जात नाही. लॉन्ड्रीतला, भांडी घासणारा, बुफेतली ताटं उचलणारा, जो तुम्हाला दिसतसुद्धा नाही, त्यालाही त्यातून मिळतं. तुम्ही ती काढायला लावलीत तेव्हा कंपनीच्या मालकाचं काही गेलं नाही, तळमजल्यावरच्या पोराचं गेलं. आणि आमच्या कंपनीत असा नियम होता की ज्या पाहुण्याने ती रद्द केली, त्याने मग हातात लिफाफा दिला तरी तो आम्ही ऑफिसात जमा करायचा. त्यामुळे "आपोआपची काढतो आणि चांगल्या माणसाला स्वतः देतो" हा हिशोब बऱ्याच वेळा फसतो.

तुमचा मुद्दा खोटा नाही. पगार द्यायचं काम कंपनीचं आहे आणि ते पाहुण्याच्या गळ्यात घालतात. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने मे २०१९ पासून टिप बंद करून सगळं भाड्यातच धरलं. सगळ्यांनी तसं केलं तर माझ्यासारख्याला आनंदच होईल. पण भाडं मोठं दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहितात. तुमच्या कोटेशनमध्ये दिसलं ना तसं.

भाट्याच्या ताई, बाबांना सांगा, कापलेली पुरेशी आहे. तरी मन राहत नसेल तर खोली आवरणाऱ्याला शेवटच्या दिवशी हातात काहीतरी द्या. पाकिटावर नाव लिहून दिलंत तर त्याहून बरं. आणि उतरल्यावर अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये त्याचं नाव लिहा. पुढचा करार मिळायला ते फार उपयोगी पडतं. करवंदभाऊंना तो पोरगा तीनदा आठवण करत होता ती त्यासाठी.

करवंदाची_जाळी

लिफाफ्याचं माहीत नव्हतं. तरी कंपनीने उघड सांगावं, हे माझं मत कायम. पण ठीक आहे, पुढच्या वेळी काढणार नाही.

अळूवडी

डब्याचं मी सांगते. घरून शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. मी चिपळूणहून पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले होते. सामान मशीनमधून जातं, तिथे डबा बाजूला काढला. शिक्का असलेली पाकिटं (बिस्किटं, फरसाण, सुका मेवा) आत नेऊ दिली. माझ्या पुढच्या काकूंच्या पिशवीत सुकट होतं. पिशवी उघडल्यावर तपासणाऱ्या मुलीचं तोंड बघण्यासारखं झालं. सोलकढीची बाटली, लोणच्याची बरणी, दोन्ही गेलं. कपडे इस्त्री करायची इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीही नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

बुफेत शाकाहारी भरपूर आहे, जैन जेवण आधी सांगितलं तर मिळतं. मासे मात्र अपेक्षेने जाऊ नका. 'फिश' म्हणून जे आलं ते बासा होतं, गोड्या पाण्यातलं. समोर अख्खा अरबी समुद्र आणि ताटात बासा!

जुना_तारवटी

अळूवडीताई, हसलो.

शिजवलेलं का नको, तर एका माणसाचं पोट बिघडलं की जहाजावर दोन दिवसांत शंभर जणांचं बिघडू शकतं. नोरोव्हायरस झाला की अख्खी बोट पुसत बसावं लागतं, मी बसलोय. म्हणून आत शिजलेलं अन्नही ठरावीक वेळेनंतर फेकतात, कितीही चांगलं दिसलं तरी. परदेशी बंदरांत तर फळ खिशातून बाहेर नेलं तरी दंड होतो.

मधुमेहासाठी: बुकिंग करतानाच ईमेलवर लिहून कळवा की साखर नको, वेळेवर जेवण हवं. फोनवर सांगू नका, एजंट 'हो हो' म्हणतो आणि विसरतो. चढल्यावर हॉलच्या मुख्य माणसाला तो ईमेल दाखवा. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला उशीर होतो.

संकष्टीसाठी: चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास असेल आणि बुफे तेव्हा आवरायला घेतात. दुपारीच सांगा, ताट झाकून ठेवतील. स्वयंपाकघरात आपलीच पोरं असतात, 'आईची संकष्टी आहे' म्हटलंत की पुढचं सांगावं लागत नाही. साबुदाण्याचं सांगू शकत नाही. शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू अशी बंद पाकिटं न्या, त्यावर दिवस निघेल.

बंदरकाठचे_आजोबा

हे सगळं वाचून मजा वाटली. आम्ही 'कोकण सेवक'ने मालवणला जात असू. तेव्हा जेवण तिकिटात नव्हतं आणि डबा काढून घेणारं कोणी नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरनं निघालं की तासाभरात सगळ्या डेकवर भाकरी आणि सुकटीच्या चटणीचा वास. ज्याला बोट लागायची त्याला आलं-लिंबू शेजारचा द्यायचा. मालवणला बोट लांब उभी राहायची, मग पडावात उतरायचं. टिप एकच, पडावातून खांद्यावर घेऊन कोरड्यात उतरवणाऱ्याला. ती न देऊन चालायचं नाही, तो पाण्यातच थांबायचा.

बाय द वे, बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

भाट्याची_वाळू

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हा धागा दाखवला. ग्रॅच्युइटी भरायची, वर पाकीट बाबांच्या हातून द्यायचं, क्रेडिट कार्ड माझं, आणि गोव्यात उतरून परतीला मडगावहून रेल्वेने घरी. दोन रात्रींऐवजी एकच रात्र बोटीवर आणि एक मडगावला मावशीकडे, असं करतोय. वाचलेल्या पैशांत आतल्या खोलीऐवजी समुद्र दिसणारी खोली येते का बघते.

एकच शेवटचं. बाबांना जहाजातून रत्नागिरीच्या दीपगृहाचा दिवा बघायचाय. कधी दिसेल?

जुना_तारवटी

मुंबईहून रत्नागिरी समुद्रमार्गे साधारण ११५-१२० सागरी मैल. संध्याकाळी पाचला सुटली आणि बारा-तेरा नॉटने (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) चालली तर पहाटे दोनच्या पुढेमागे समोर येईल. जहाज किनाऱ्यापासून किती लांबून जातं आणि हवा किती स्वच्छ आहे यावर आहे, पण जानेवारीत बरी असते. गजर लावा आणि डेकवर जा, स्वेटर घालून. दक्षिणेला जाताना कोकण डाव्या हाताला असतं, म्हणून खोली घ्यायचीच तर डावीकडची मागा. आईंचा चंद्रही त्याच बाजूने उगवणार.