मदत हवी आहे: डीलर आरव्ही दुरुस्तही करत नाही आणि परतही घेत नाही

सह्यकडा:
नमस्कार. आम्ही घेतलेल्या आरव्हीत (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीत) पाणी शिरत असून ती मार्चपासून डीलरच्या आवारात नुसती उभी आहे. सर्व्हिस विभागाला फोन केला की निर्मात्याची मंजुरी आली नसल्याचे सांगतात आणि निर्मात्याला विचारले की डीलरने छायाचित्रेच पाठवली नसल्याचे कळते. विक्रीच्या वेळी सतत फोन करणारा गृहस्थ आता माझा फोन उचलतही नाही. जुलैत यलोस्टोनला जाण्याचे आरक्षण रद्द करावे लागेल असे दिसते. गाडी परत करून पैसे मिळवता येतात का आणि तोपर्यंत कर्जाचा हप्ता थांबवला तर चालेल का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनीच कृपया लिहावे.

माळरान:
आपला संताप रास्त आहे, परंतु एवढ्या माहितीवर कोणालाही नक्की काही सांगता येणार नाही. आरव्ही म्हणजे स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम आहे की ट्रकमागे ओढायचा ट्रेलर? नवीन घेतली की वापरलेली? अमेरिकेत प्रत्येक राज्याचा लेमन लॉ, म्हणजे सदोष नव्या गाडीबाबत खरेदीदाराला संरक्षण देणारा कायदा, वेगळा असतो आणि अनेक राज्यांत त्यातून गाडीतला राहण्याचा भाग वगळलेला असतो, म्हणून राज्यही सांगा. हप्ता मात्र थांबवू नका. डीलरमार्फत घेतलेल्या कर्जाच्या करारात, डीलरविरुद्धचे दावे कर्ज देणाऱ्याविरुद्धही मांडता येतील असे कलम सहसा असते. पण त्याच्या भरवशावर आपणच पैसे भरणे बंद केले, तर आधी आपली पत बिघडते आणि मग गाडी उचलून नेली जाते.

सह्यकडा:
नवीन गाडीबद्दलच विचारतो आहे, हे उघड आहे असे वाटले होते. ट्रॅव्हल ट्रेलर आहे आणि आम्ही टेक्ससमध्ये राहतो. स्लाइड-आउटच्या, म्हणजे बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या, वरच्या कोपऱ्यातून पाणी येते आणि ट्रेलरमधली त्याखालची जमीन दाबली की खचते.

खडूस_काका:
ताबा घेण्यापूर्वी डीलरशी संबंध नसलेल्या प्रमाणित तपासनिसाकडून गाडी तपासून घेतली होती का? महासाथीच्या काळात मागणी इतकी वाढली की 2021 मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या, आणि त्या घाईत सांध्यांवरचे सीलंटसुद्धा धड लावले गेले नाही. मी तर सर्वांना सांगतो की तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घ्यावी, कारण तिच्यातली गळती पहिल्या मालकाने निस्तरलेली असते.

रानवाटा:
काका, किंवा पहिल्या मालकाने ती गळती झाकून गाडी विकलेली असते. शिवाय त्यांनी गाडी घेऊन झाली आहे, तेव्हा या सल्ल्याचा त्यांना आता काय उपयोग? सह्यकडा, माझ्या अनुभवाने सांगते की डीलरच्या नादी लागू नका. निर्मात्याकडून लेखी परवानगी घेऊन घरी येणाऱ्या फिरत्या तंत्रज्ञाकडून काम करून घ्या. वॉरंटीच्या कामाचे पैसे निर्माता देतो, पण तो मोजकेच तास मान्य करतो आणि दरही कमी देतो, त्यामुळे हंगाम सुरू झाला की रोखीने पैसे देणारी गिऱ्हाइके पुढे जातात आणि वॉरंटीवाले रांगेत मागे राहतात.

खडूस_काका:
बाहेरच्या माणसाने हात लावला की वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

रानवाटा:
तसे मुळीच नाही. बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करण्याची मुभा 1975 च्या संघीय मॅग्नसन-मॉस कायद्याने दिलेली नाही. परवानगी घ्यायची ती बिल निर्मात्याने भरावे म्हणून.

माळरान:
जमीन खचत असेल, तर हे काम फिरत्या तंत्रज्ञाच्या आवाक्यातले वाटत नाही. सह्यकडा, आपण राहता टेक्ससमध्ये, पण ट्रेलर घेतला कुठून?

ट्रकवाला:
ओढायला कोणता ट्रक आहे? ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडणीवर) येतो आणि ट्रकच्या चालकाच्या दारातील पट्टीवर लिहिलेल्या वजनात माणसे व सामानही धरावे लागते. डीलर हे कधीच सांगत नाहीत.

सह्यकडा:
ट्रक पुरेसा आहे आणि तो माझा प्रश्नही नव्हता. ट्रेलर गेल्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनजवळच्या डीलरकडून घेतला.

माळरान:
मग आपली बाजू बरीच भक्कम आहे, कारण टेक्ससच्या लेमन लॉमध्ये ओढायचे ट्रेलरही येतात. मात्र त्याखालची तक्रार निर्मात्याविरुद्ध असते, तेव्हा डीलरशी भांडण्यात शक्ती घालवू नका. वॉरंटीतील दोषामुळे गाडी पहिल्या 24 महिन्यांत किंवा 24,000 मैलांत एकूण 30 दिवस दुरुस्तीसाठी अडकून पडली आणि त्या काळात तोडीची दुसरी गाडी मिळाली नाही, तर राज्याच्या मोटर वाहन विभागाकडे 35 डॉलर भरून तक्रार नोंदवता येते. त्याआधी निर्मात्याला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते. आपली वॉरंटी एक वर्षाची असेल, तर ती संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे पुढच्या एप्रिलपूर्वी, अर्ज गेला पाहिजे. आता महत्त्वाचे सांगा. मार्चमध्ये गाडी ठेवली तेव्हा तारीख व तक्रार लिहिलेली रिपेअर ऑर्डर मिळाली का?

सह्यकडा:
त्यांनी तसे काही दिलेच नाही. 'आवारात लावून जा, रांगेनुसार पाहू' एवढेच म्हणाले.

रानवाटा:
हीच त्यांची नेहमीची रीत आहे. कागद नसला की उद्या म्हणता येते की गाडी दुरुस्तीला नव्हतीच, केवळ ठेवायला आली होती.

माळरान:
उद्या स्वतः जाऊन रिपेअर ऑर्डर मागा. निर्मात्याला पत्र पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा.

सह्यकडा:
आज जाऊन आलो. रिपेअर ऑर्डर करायला तयार झाले, पण तीवर आजचीच तारीख घातली आहे. सही करू का?

माळरान:
गाडी मार्चमध्ये आणल्याची नोंद त्याच कागदावर करून घेतल्याखेरीज सही करू नका. ते नकार देत असतील, तर तेथूनच सर्व्हिस व्यवस्थापकाला ईमेल करून गाडी कधी आणली, कोणाच्या ताब्यात दिली आणि तक्रार काय सांगितली होती हे लिहा. निर्मात्यालाही त्याची प्रत जाऊ द्या. मार्चमधले संदेश, फोनच्या नोंदी आणि आवारात काढलेले एखादे छायाचित्र असेल, तर तेही जोडा.

खडूस_काका:
आणि छतावर आजच ताडपत्री टाकायला सांगा, पावसाळी वादळांचे दिवस आहेत.