मदत हवी आहे: दादासोबत मीटिंगला मी जावं का?

माझा मोठा भाऊ दारू सोडायचं म्हणतोय, आणि या वेळी स्वतःहून. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून सुरुवात डॉक्टरांकडूनच केली. आता ते म्हणतात, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या, मीटिंगला जा.

एवढं कळलंय की १९३५ पासूनची ही संघटना फी घेत नाही, आणि दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज्डला नाही. माझा गोंधळ इथेच आहे. पहिल्यांदा मी सोबत जाऊ की त्याला एकट्याला जाऊ देऊ? मी शेजारी असलो तर तो मोकळं बोलणार नाही, असं वाटतं. बोलावंच लागतं का, की नुसतं ऐकून आलं तरी चालतं? त्याला धास्ती त्याचीच आहे. शिवाय देवाधर्माचं वावडं. दारू सोडण्यासाठी ते ज्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांत ईश्वराचा उल्लेख आला की बिथरेल. तुमच्यापैकी कुणी नास्तिक टिकलंय का?

वहिनी घरच्यांसाठीच्या अल-ॲनॉनला जायला तयार आहे. दोघांनी एकदमच सुरू करावं का?

कृपया 'मनाचा निग्रह हवा' वगैरे नको. ते घरात रोज ऐकतोच आहोत.