‘मेजरची मागणी’ की ‘मेजरचं स्थळ’?

पाटावरवंटा:
दिवाळी अंकासाठी रशियन चित्रांवरचा एक लेख इंग्रजीतून मराठीत आणते आहे आणि एका चित्राच्या नावावरच गाडी अडली आहे. चित्रकार पावेल फेदोतोव्ह, साल १८४८, चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात. इंग्रजीत ‘कोर्टशिप’ म्हटलंय म्हणून मी ‘मेजरचे प्रियाराधन’ लिहून पाठवलं. संपादकांनी समासात दोन प्रश्नचिन्हं मारून परत केलं. मग चित्र मोठं करून नीट पाहिलं, तर आराधना कुठेच नाही. व्यापाऱ्याचं घर. भर दिवसा नाचाच्या समारंभाला घालावा तसा झगा घातलेली मुलगी आत पळते आहे, हातातला रुमाल खाली पडलाय, आईने तिचा झगा मागून धरलाय. दाढीवाला बाप घाईघाईने अंगरख्याची बटणं लावतोय. लग्न जुळवणारी बाई दाराशी येऊन ‘आले, आले’ असं खुणावते आहे आणि पलीकडच्या खोलीत मेजरसाहेब मिशीला पीळ देत उभे. याला मराठीत काय म्हणू? आणि त्या बाईला काय म्हणू? उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

अनुस्वार:
प्रियाराधन साफ चूक. मूळ नाव ‘स्वातोव्स्त्वो मायोरा’. स्वातोव्स्त्वो म्हणजे मुलीला रीतसर मागणी घालणं, बहुधा मध्यस्थामार्फत. मध्यस्थ पुरुष तो ‘स्वात’, बाई ती ‘स्वाखा’. गंमत म्हणजे ‘स्वात’चा दुसरा अर्थ व्याही. म्हणून ‘मेजरची सोयरीक’.

खवट खोबरं:
सोयरीक जुळली हे कुणी सांगितलं? बापाची बटणं लागायची आहेत अजून! सोयरीक झाल्यावर म्हणतात. ही मागणी आहे. ‘मेजरची मागणी’, विषय संपला.

दोडका:
संपला कसा? ‘मेजरची मागणी’ वाचून मला वाटेल मेजरला पगारवाढ हवी आहे.

माजघर:
:)) पगाराचंच आहे म्हणा ते.
आमच्याकडे मागणी कोण घालतं हा खरा प्रश्न. माझ्या आजोळी मुलीचा बाप जोडे झिजवायचा. सासरी उलट, मुलाकडचे ‘मुलगी मागायला’ जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.
चित्राचं वर्णन वाचून थोरली आत्या आठवली. पाहुणे ओटीवर टेकले आणि ही मागच्या दाराने गोठ्याकडे. आजीने पदर धरला, तो टर्रकन फाटला. दुसरं धड लुगडं वाळत होतं. शेवटी फाटका भाग कमरेला खोचून तिने तसेच पोहे नेले. लग्न तिथेच झालं. ‘त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, बशीकडे बघत होते,’ असं ती सत्तराव्या वर्षीही सांगायची.

दोडका:
मग ‘मेजरचं स्थळ’ म्हणा. ‘स्थळ सांगून आलं’ यात सगळं येतं. मुलाचं नाव, रूप, स्वभाव काहीच विचारात नाही, नुसती जागा! आणि इथे तर जागेचीच किंमत आहे. मेजरच का, कॅप्टन का नाही? १८४५ च्या फर्मानाने सैन्यात वंशपरंपरागत उमरावकी मिळण्याची सगळ्यात खालची पायरी मेजर ठरली. त्याआधी अधिकारी झालं की मिळायची. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा ताजा भाव आहे हा. व्यापाऱ्याकडे पैसा, मेजरकडे पायरी. स्वतः फेदोतोव्ह १८४४ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झालेला, त्याला हे दर तोंडपाठ असणार.

शुद्धमती:
‘मेजर’, ‘कॅप्टन’ असेच ठेवणार का? ‘सेनाधिकारी’ म्हणावे. चित्रप्रकारालाही ‘प्रसंगचित्र’ हा चांगला शब्द असताना लोक ‘जॉन्र’ लिहितात.

दोडका:
सेनाधिकारी केलंत की वरचा अख्खा हिशोब गेला पाण्यात. कितव्या पायरीचा ते कळायला नको?

अनुस्वार:
‘स्वात’चं मूळ ‘आपला’ या अर्थाच्या धातूत आहे, आपल्या संस्कृत ‘स्व’चा भाऊच. म्हणजे परक्याला आपला करणारा. मला वाटतं ‘सोयरा’ही त्याच ‘स्व’वरून.

खवट खोबरं:
काहीही! सोयरा ‘सहोदर’वरून.

अनुस्वार:
सहोदर म्हणजे सख्खा भाऊ. सोयरा लग्नाने जोडलेला. अर्थ इतका कसा फिरला?

माजघर:
तुम्ही दोघं पंडित. आमची आजी म्हणायची, ‘सोय जाणे तो सोयरा’. तिची व्युत्पत्ती एवढीच.

दोडका:
आजींना दंडवत! फेदोतोव्हने या चित्रावर लांबलचक पद्य लिहिलं होतं, त्याचं नाव साधारण ‘परिस्थितीची डागडुजी, अर्थात मेजरचं लग्न’. मेजरचा खिसा रिकामा, तेव्हा सोय बघणारा सोयराच की. १८४९ च्या पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात चित्रासमोर उभा राहून, जत्रेतला खेळवाला ओरडतो त्या चालीवर तो यमकं जुळवून चित्र समजावून सांगायचा.

कुडाळकर:
म्हणजे आमच्या पिंगुळीचे चित्रकथी! एकेक चित्र पुढे धरायचं आणि गाऊन सांगायचं.
त्या बाईसाठी कोकणीतला ‘रायबारी’ घ्या. लग्नाचा निरोप नेणारा तो रायबारी.

शुद्धमती:
मराठीत ‘मध्यस्थ’ आहे.

माजघर:
बाई असेल तर? मध्यस्थीण? मध्यस्थी म्हणावं तर ते कामाचं नाव झालं.

खवट खोबरं:
‘सोयरीक जमवणारी’. चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

दोडका:
चित्राला सरळ ‘मेजरचे कांदेपोहे’ म्हणा. आजच्या वाचकाला एका क्षणात कळेल.

शुद्धमती:
कांदेपोहे ही न्याहारी आहे. विधीचे नाव ‘वधूपरीक्षा’. आणि रशियात पोहे कुठून आले?

दोडका:
शुद्धमती, मेजर परीक्षा घेतोय कुठे? तो तर बाहेर मिशी पिळतोय. परीक्षा बापाच्या बटणांची चालली आहे. आईही बघा, अंगात रेशमी पोशाख आणि डोक्याला साधा रुमाल. पैठणी नेसून डोक्याला पंचा गुंडाळावा तशी. फेदोतोव्हचा चिमटा तिथे आहे.

कुडाळकर:
पुढे मांजर तोंड धुतंय ते कुणी पाहिलं का? रशियात मांजराने तोंड धुतलं की पाहुणा येतो म्हणतात. आमच्याकडे कावळा ओरडावा लागतो.

पाटावरवंटा:
मांजर पाहिलं होतं, अर्थ माहीत नव्हता. लेखात टाकते. पण नाव? ‘मेजरचं स्थळ’ मला आवडतंय, फक्त न वाचताच कुणाला ते लष्करी छावणीचं ठिकाण वाटेल का? त्याच लेखात पुढे पुकिरेव्हचं १८६२ चं ‘विजोड विवाह’ आहे. म्हातारा अधिकारी आणि रडवेली कोवळी नवरी. तिथे ‘जरठकुमारी विवाह’ आयता मिळाला, अडले ते इथेच.

खवट खोबरं:
‘जरठकुमारी’ नको, फार जड. ‘विजोड’ ठेवा.

शुद्धमती:
जड नाही, नेमका आहे.

माजघर:
एक विचारू? दाखवायच्या कार्यक्रमाला पोह्यांत कांदा कधीपासून आला? आत्याच्या वेळचे पोहे दडपे होते, कांद्याशिवाय. चातुर्मास होता.

खवट खोबरं:
चातुर्मासात मुलगी दाखवत होते? कुठल्या गावचं हे?