असोसिएटचा डिव्हिडंड कन्सॉलिडेटेडमध्ये कुठे जातो? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, सीएच्या आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष आहे माझं. एका प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटचं कन्सॉलिडेशन (त्याच्याशी जोडलेल्या कंपन्या धरून एकत्रित हिशेब) सरांनी माझ्या गळ्यात मारलंय. यांची सबसिडीअरी एकही नाही, फक्त एक असोसिएट (जिच्यावर बऱ्यापैकी प्रभाव आहे पण ताबा नाही अशी कंपनी), तरीही कंपनी कायद्याच्या कलम १२९(३) प्रमाणे कन्सॉलिडेटेड करावंच लागतं हे पचायलाच मला एक दिवस गेला.

तर १ एप्रिलला असोसिएटचे २६ टक्के शेअर्स घेतले २ कोटी ६० लाखांना. तेव्हा त्या कंपनीची नेट वर्थ ८ कोटी. वर्षभरात त्यांना टॅक्स जाऊन १ कोटी नफा झाला आणि त्यातूनच ४० लाख अंतरिम डिव्हिडंड वाटला, म्हणजे आपल्याला १० लाख ४० हजार आले, ते स्टँडअलोनमध्ये (क्लायंटच्या एकट्याच्या हिशेबात) अदर इन्कमला आहेत. मी कन्सॉलिडेटेडला ते तसेच ठेवले आणि वर नफ्यातला हिस्सा २६ लाख धरला. सरांनी प्रिंटवर लाल पेनने मोठा गोल केला, "हे दोनदा कसं?" एवढंच लिहिलं आणि निघून गेले. नेट वर्थमधल्या २६ टक्के हिश्श्यापेक्षा (२ कोटी ८ लाख) जास्त दिलेले ५२ लाख, म्हणजे गुडविलही मी इनटँजिबलमध्ये वेगळं काढलंय, तेही चुकलंय का? इंड एएस (आंतरराष्ट्रीय धर्तीची मानकं) नाही, असोसिएटसाठीचं जुनं अकाउंटिंग स्टँडर्ड एएस २३ लागू आहे.

ताळेबंदवाला:
सरांचं बरोबर आहे. २६ लाखांत तो डिव्हिडंड आलाच ना, नफ्यातूनच वाटला त्यांनी! कन्सॉलिडेटेडमध्ये अदर इन्कममधून १०.४० लाख काढ आणि इन्व्हेस्टमेंटमधून वजा कर. खिशातलेच पैसे दुसऱ्या खिशात आले असं समज. (हाच डिव्हिडंड मागच्या वर्षीच्या नफ्यातला असता तर स्टँडअलोनलाही उत्पन्न धरता आला नसता, खरेदी किमतीतूनच कमी केला असता.) गुडविल इन्व्हेस्टमेंटच्या आकड्यातच राहू दे, फक्त त्यात ५२ लाख गुडविल आहे एवढं दाखव. आणि हो, क्लायंट त्यांना माल विकतो का? हे कोणी विचारत नाही आणि मग ऑडिटच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते.

धागाकर्ती:
अरे देवा, विकतो की! कास्टिंग्ज जातात. ३१ मार्चला त्यांच्या गोडाऊनमध्ये आपला २५ लाखांचा माल पडून होता, त्यात आपलं मार्जिन ५ लाख.

ताळेबंदवाला:
मग तो माल अजून बाहेर विकला गेलेला नाही, म्हणून त्या ५ लाखांचे २६ टक्के, म्हणजे १ लाख ३० हजार इन्व्हेस्टमेंटमधून काढ. अख्खे ५ लाख नको हं, बाकीचे ७४ टक्के बाहेरच्यांचे आहेत. आणि एओसी-१ फॉर्मचा पार्ट बी (असोसिएटच्या माहितीचा) भरायला विसरू नकोस.

धागाकर्ती:
इन्व्हेस्टमेंट कोटींत: २.६० अधिक ०.२६ वजा ०.१०४ वजा ०.०१३, म्हणजे २ कोटी ७४ लाख ३० हजार. एक्सेलमधला पिवळा सेल आत्ता शून्य झाला हो दादा!! सर जेवायला गेलेत, आले की दाखवते.