मदत हवी आहे: दवाखान्यातला दुजाभाव मोजायचा कसा?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंधासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-धडगाव भागात फिरतोय. दवाखान्यात दुजाभाव झाला की रुग्ण काय करतात, ते मोजायचंय. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांच्या १९९७ च्या भेदभाव-मापनपट्टीवरून (रोजच्या जगण्यातला भेदभाव मोजणारी प्रश्नावली) दवाखान्यांसाठी बेतलेली ७ प्रश्नांची पट्टी घेतली. पण ती 'किती वेळा घडलं' एवढंच विचारते. पुढे माणूस गप्प बसला, भांडला की औषध अर्ध्यावर सोडून भगताकडे गेला, ते निसटतं. शिवाय ओपीडीबाहेर विचारलं की सगळ्यांचं एकच, "बठ्ठं बरं शे!" (सगळं बरं आहे!) तीच आजी घरी चहा पिताना तासभर बोलते. 'कधीकधी' आणि 'बऱ्याचदा' यातला फरक पावरीत (इथली आदिवासी बोली) कसा विचारायचा, तिथंही अडलोय. दुसऱ्याच कुणाचा काल्पनिक प्रसंग सांगून "तुम्ही काय केलं असतं?" असं विचारलं तर चालेल? कुणी केलंय का?