'होम अलोन'ची फोर-के डिस्क: पडद्यावरचे दाणे ठेवावेत की पुसावेत?

उंबरठा

आमच्याकडे नाताळच्या सुट्टीत एक पिक्चर ठरलेला असतो, 'होम अलोन'. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. सुट्टीत चुकून घरी एकटा राहिलेल्या केविनचं ते लाल विटांचं घर विनेट्कामध्ये आहे, आमच्यापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. त्यामुळे मुलांना ती गोष्ट शेजारच्या आळीतलीच वाटते.

यंदा जुनी डीव्हीडी बाजूला ठेवली आणि २०२० मध्ये, चित्रपटाला ३० वर्षं झाली तेव्हा निघालेली फोर-के डिस्क आणली. पाच मिनिटांत मुलगी म्हणाली, "बाबा, भिंतीवर मुंग्या चालल्यासारखं काय दिसतंय?" मेहुण्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचं नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर पुसणारी सोय) 'हाय'वर नेलं. मुंग्या गेल्या, सगळ्यांना बरं वाटलं. मीही काही बोललो नाही.

मग चर्चमधला प्रसंग आला. शेजारचे म्हातारे मार्ली केविनच्या बाजूला येऊन बसतात. त्यांची पांढरी दाढी कापसाचा बोळा चिकटवल्यासारखी दिसत होती. त्यांनी मान वळवली की गाल क्षणभर जागेवरच राहायचा आणि मग मागून सरकायचा. मी पिक्चर थांबवला, नॉइज रिडक्शन बंद केलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. दाढीचा केस न् केस सुटा झाला, कपाळावरच्या आठ्या परत आल्या. एकट्या पडलेल्या माणसाचा चेहरा आहे तो, आठ्यांशिवाय त्या प्रसंगात उरतं काय?

माझं मत स्पष्ट आहे. हा चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालाय. मुलीला मुंग्या वाटल्या ते फिल्मचे दाणे (ग्रेन), आणि ते दाणे म्हणजेच चित्र आहे. ती धूळ नव्हे. मेहुण्यांचं म्हणणं, सुट्टीतला पिक्चर घरच्यांनी मिळून बघायचा असतो, चारांतल्या तिघांना खटकत असेल तर पुसावेत. तुम्हाला काय वाटतं?

निवांत_संध्याकाळ

तुमच्या मेहुण्यांच्या बाजूने मी.

१९९० मध्ये थिएटरात लोकांनी पाहिली ती मूळ निगेटिव्ह नव्हती. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून इंटरनिगेटिव्ह (या दोन्ही मधल्या प्रती), त्यावरून प्रदर्शनाची प्रिंट असा प्रवास व्हायचा. प्रत्येक पायरीला बारीक तपशील थोडा मऊ पडायचा, शिवाय प्रोजेक्टरमध्ये फिल्म किंचित हलायची. इतका टोकदार दाणा तेव्हाच्या प्रेक्षकाने कधी पाहिलाच नाही. आज स्कॅनरने तो वर काढला म्हणून त्याला 'मूळ' म्हणायचं, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे अंतर. ५५ इंची टीव्हीवर साध्या ब्लू-रेचा एक पिक्सेल साधारण ०.६३ मिलिमीटरचा असतो. चांगल्या नजरेच्या माणसालाही तो ७ फुटांपलीकडून वेगळा दिसत नाही. आपल्या घरांत सोफा असतो १० फुटांवर. मग फोर-केच्या जादा पिक्सेलांसाठी एवढा आटापिटा कशाला?

रंगारी

मी मुंबईत फिल्म लॅबमध्ये आणि नंतर डिजिटल ग्रेडिंगमध्ये (चित्राचे रंग-उजेड जुळवण्याच्या कामात) मिळून बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रंगीत निगेटिव्ह धुताना त्यातली चांदी ब्लीच आणि फिक्सरमध्ये निघून जाते. जिथे चांदीचा कण होता तिथे रंगाचा एक सूक्ष्म ठिपका मागे राहतो. असे लाखो ठिपके शेजारी-शेजारी आले की गाल दिसतो, स्वेटर दिसतो, भिंत दिसते. दाण्यांच्या मागे कुठेही वेगळं, स्वच्छ चित्र लपलेलं नसतं. रांगोळीतले कण उचलले तर खाली नक्षी सापडत नाही, फरशी लागते. टीव्हीचं नॉइज रिडक्शन लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळून सरासरी काढतं. उंबरठा यांना मार्लींचा गाल मागे राहिलेला दिसला तो त्यामुळेच.

ही चूक डिस्क बनवतानाही होते आणि तेव्हा ती पुसता येत नाही. २०१० ची 'प्रेडेटर'ची ब्लू-रे त्यासाठीच बदनाम झाली, माणसांचे चेहरे मेणाचे झाले होते. 'होम अलोन'च्या फोर-के डिस्कवर तसं झालेलं नाही, हे तिचं मोठेपण आहे.

पण मुलीच्या मुंग्यांबद्दल माझा संशय वेगळ्याच ठिकाणी आहे. टीव्ही 'व्हिव्हिड' या भडक मोडवर आणि शार्पनेस (कडा टोकदार करणारी सेटिंग) ५० च्या आसपास आहे का? शार्पनेस प्रत्येक दाण्याभोवती पांढरी कड काढतो आणि मऊ दाण्याची मुंगी करतो. शार्पनेस शून्यावर आणा (काही टीव्हींना शून्यावर चित्र मुद्दाम पुसट होतं, तिथे कंपनीचा मधला आकडा घ्या), मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, 'फिल्ममेकर मोड' (टीव्हीच्या अशा सुधारणा बंद ठेवणारा मोड) असेल तर तो लावा. तो मोड २०१९ मध्ये याच कारणासाठी आणला गेला. मग पुन्हा मुलीला विचारा.

चिमणराणी

रंगारीदादा, पटलं, तरी एक सांगू? माझी मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. त्यांनी जन्मापासून फोनवरचा गुळगुळीत व्हिडिओ पाहिलाय. त्यांना सिनेमाची गोडी लागावी म्हणून मी धडपडते. पहिल्या दहा मिनिटांत 'जुनं दिसतंय' म्हणून ती उठून गेली तर दाणे जपून मला काय मिळालं? ओटीटीवर लावते, चित्र स्वच्छ दिसतं, मुलं शेवटपर्यंत बसतात. सापळ्यांच्या प्रसंगाला खिदळतात आणि केविनची आई दारात उभी दिसते तेव्हा माझ्या कुशीत येतात. मला तेवढं मिळालं की बाकी काही नको.

उंबरठा

चिमणराणीताई, मुलं कुशीत येतात यापुढे मला काही बोलायचं नाही. फक्त ओटीटीवरचं चित्र 'स्वच्छ' का दिसतं ते सांगतो.

दाणा प्रत्येक फ्रेममध्ये नवा आणि बेहिशेबी असतो, म्हणून व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला तो सगळ्यात महाग पडतो. फोर-के स्ट्रीमला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात. फोर-के डिस्कच्या मानकात १०० च्या वर जायची सोय आहे. कमी जागेत बसवायचं म्हणून स्ट्रीमिंगवाले दाणे आधीच घासून काढतात आणि अंधारात त्याची किंमत दिसते. केविन तळघरात भट्टीसमोर उभा असतो तो प्रसंग लावून बघा. ओटीटीवर मागच्या काळोखात चौकोनी ठोकळे हलतात. डिस्कवर तो काळोख सलग राहतो, म्हणूनच भट्टीची भीती वाटते.

निवांत, अंतराचं गणित बरोबर आहे, पण ते पिक्सेलांपुरतं. रंग आणि उजेड १० फुटांवरूनही दिसतातच. या घराची सजावट मुद्दाम लाल-हिरव्यात केलीय, वॉलपेपरपासून ते गालिच्यापर्यंत. डीव्हीडीवर त्यातले कितीतरी लाल एकाच विटकरी रंगात गोळा व्हायचे. या डिस्कवर १० बिट रंग (रंगांच्या जास्त छटा) आणि एचडीआर (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारी पद्धत) आहे. दाराची मूठ तापून लाल होते तेव्हा ती आतून पेटल्यासारखी दिसते. सुरुवातीला पोलिसाच्या वेशातला चोर हॅरी हसतो आणि त्याचा सोन्याचा दात चमकतो, ती चमक आता डोळ्याला टोचते. केविन पुढे त्या दातावरूनच त्याला ओळखतो! ती चमक नीट दिसणं गोष्टीसाठी गरजेचं आहे.

निवांत_संध्याकाळ

रंगाचं मान्य. मग तुमचा लढा दाण्यांसाठी आहे की रंगासाठी? रंग ठेवून दाणे थोडे हलके केले तर तुमचं काय जातं? नॉइज रिडक्शनला 'लो' ही पायरी असते. प्रत्येक गोष्ट 'हाय' किंवा 'बंद' अशी का बघायची?

आणि प्रिंटच्या मुद्द्यावर तुम्हा दोघांपैकी कोणी उत्तर दिलेलं नाही.

रंगारी

देतो. प्रिंट मऊ असायची हे खरं आहे. पण ती मऊ व्हायची प्रकाशामुळे आणि रसायनांमुळे, संपूर्ण फ्रेमभर सारखी. भिंत मऊ, दाढीही मऊ, आणि दोन्ही जिवंत. टीव्हीतली यंत्रणा अंदाज बांधते. जे हलत नाही ते जास्त पुसते, जे हलतं ते कमी. मग चेहरा स्थिर असेपर्यंत प्लास्टिकचा आणि हलला की माणसाचा, असं चालू होतं. ग्रेडिंगच्या खोलीत कोणी हलका दाणा मागितला तर आम्ही एकेक शॉट बघून थोडा उतरवतो, दिग्दर्शक किंवा छायालेखक शेजारी बसलेला असतो. त्याला माझी ना नाही. दिवाणखान्यातल्या रिमोटला माझी ना आहे.

नाताळचं_गोठण

बार्देशातून लिहिते. आमच्या वाड्यावर नाताळ सगळ्यांचाच. शेजारच्या घरातून नेवऱ्या आणि दोदोलचं ताट येतं आणि रात्री त्यांची-आमची मुलं आमच्याकडे हाच पिक्चर बघायला जमतात. भारतात घेतलेली जुनी डीव्हीडी आहे. तिच्यावर आतल्या बाजूला चरे आहेत, एका ठिकाणी अडकते, ते ठिकाण मुलांना पाठ आहे. फोर-के प्लेअर घ्यायचा, डिस्क बाहेरून मागवायची, हे सगळ्यांना परवडणारं नाही. आमच्या डीव्हीडीत मला आजवर काही उणं वाटलं नाही. चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला शेजारी दुसरं चित्र लागतं, ते आमच्याकडे नाहीच.

काळी_एक

गोठणताई, तुमच्या डीव्हीडीत एक गोष्ट उणी आहे, आणि ती डोळ्याला दिसत नाही, कानाला लागते.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. भारतातल्या डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या. चित्रपट त्यात बसवायला सहसा तो सरळ ४ टक्के वेगाने पळवतात. १०३ मिनिटांचा 'होम अलोन' ९९ मिनिटांत संपतो. डिस्कच्या मागे छापलेले आकडे बघा. आवाजही वेगाबरोबर चढतो, मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर. पांढरी एकमध्ये (पेटीची पहिली पांढरी पट्टी) बांधलेलं गाणं काळी एकच्या (लगेच वरची काळी पट्टी) दिशेने पाऊण वाट चढून बसतं.

या चित्रपटाचं संगीत जॉन विल्यम्स यांचं आहे, ऑस्करला त्याचं नामांकन झालं होतं, आणि गाण्याचंही. मी पेटी वाजवतो. चर्चमधल्या मुलांच्या समूहगानाला साथ करायची म्हणून एका सुट्टीत डीव्हीडी लावून पेटी उघडली. माझा सूर ना पांढरीत बसे, ना काळीत. वाटलं पेटीच उतरली. दोन दिवस तिच्याशी झगडलो. मग भावाने अमेरिकेतून आणलेली ब्लू-रे लावली, ती २४ फ्रेमनेच चालते, आणि पहिल्या ओळीला पेटी जुळली. दाण्यांवर वाद घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. मुलांचे आवाज किंचित चिरके झाले की त्या गाण्यातला थंडीचा गारवाच जातो.

निवांत_संध्याकाळ

हे मला खरोखर माहीत नव्हतं. माझ्याकडे पुण्यात घेतलेली डीव्हीडीच आहे. आत्ता पाठ बघितली, ९९ मिनिटं छापलंय.

भावाने आणलेली ब्लू-रे तुमच्या इथल्या प्लेअरवर चालली कशी? माझ्या जावयाने एकदा तिकडून एक ब्लू-रे आणली होती, ती लागलीच नाही.

काळी_एक

ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत: अमेरिका 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. तुमच्या जावयांच्या डिस्कवर आपल्याच विभागात चालण्याचं कुलूप असणार. सगळ्याच डिस्कना ते नसतं, माझं नशीब. फोर-के डिस्कना मात्र विभागाचं कुलूपच नाही. शिकागोत घेतलेली पुण्यात लागते, फक्त प्लेअर फोर-केचा हवा.

उंबरठा

काल रात्री रंगारीदादांनी सांगितलं तसं केलं. शार्पनेस ५० वरच निघाला. शून्यावर आणला, बाकी सगळं बंद केलं आणि मुलीला काही न सांगता सुरुवात लावली. मुंग्यांचं नाव तिने काढलं नाही. उलट केविन टेप लावून तो काळा-पांढरा गुंडांचा सिनेमा बघतो तेव्हा म्हणाली, "हा पिक्चर खरंच जुना आहे ना?" तो तुकडा या चित्रपटासाठीच मुद्दाम तयार केलेला आहे. त्याचा भरड पोत बाकीच्या चित्रपटापेक्षा वेगळा दिसला, म्हणून तिला तो जुना वाटला. सगळंच घासून गुळगुळीत केलं असतं तर दोघांतला फरक तिला कळला नसता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाला जागा मिळाली. जपायचा म्हणून निवडलेला चित्रपट माझ्या घरी पुसून दाखवायला माझा हात होत नाही.

निवांत, प्रिंटच्या मुद्द्यावर तुम्ही मला विचारात पाडलंत. 'मूळ' हा शब्द मी यापुढे जपून वापरेन.

निवांत_संध्याकाळ

दाण्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. 'लो'वर ठेवून बघणार आणि तसाच बघणार.

पण जावई १८ तारखेला येतायत, त्यांना ही डिस्क आणायला सांगितली. प्लेअर मुलाकडे आहे. आमच्या हिला ते समूहगान फार आवडतं, दर वर्षी त्या प्रसंगाला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते. इतकी वर्षं तिने ते चढ्या पट्टीत ऐकलंय. यंदा बरोबर पट्टीत ऐकवतो.